गाडा आणि गोडें पाणी

मथळा वाचून वाचकांस, विशेषतः माझ्या जुन्या विद्यार्थ्यांस, हसूं येईल. ज्यानें एकतीस वर्षें मुलांकडून शब्दांचीं रूपें घोटवून घेतलीं, त्यानें उतारवयांत लोखंडी गाड्याच्या चाकांवर लेख लिहावा, हें कांहींसें विचित्र आहे खरें. मी मॅट्रिक झालों, पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि त्याच भांडवलावर गांवच्या शाळेंत मास्तरकी केली. यंत्र म्हणून माझ्या हातीं आयुष्यांत आलें तें एक मनगटावरचें घड्याळ आणि दुसरा विहिरीवरचा पंप. परंतु ह्या गाड्याच्या हकीकतींत दोष माझा आहे. आणि आपला दोष दुसऱ्यांनीं सांगण्यापूर्वीं आपणच सांगितलेला बरा.

आमचें घर गुहागर तालुक्यांत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. पुढें अंगण, मागें नारळी-पोफळींचें आगर आणि त्या आगरास व घरास मिळून एकच विहीर. मी, माझे धाकटे बंधू आणि दोघांच्या गृहिणी अशीं आम्ही एका चुलीवर जेवतों. माझे दोघे चिरंजीव पुण्यास, बंधूंचा थोरला परदेशीं. घरांत तरुण म्हणावा असा एकच उरला, तो बंधूंचा धाकटा मुलगा. मुंबईची नोकरी सोडून तो परत आला आणि म्हणाला, "दादाकाका, मी इथंच राहणार. खाडींत नौका चालवीन." पर्यटकांस खाडी दाखवावी, हंगामांत डॉल्फिन दाखवावे, असा त्याचा बेत होता. ब्राह्मणाच्या मुलानें नावाड्याचा धंदा करावा ह्यास माझी हरकत नव्हती, हिशेबास होती. तरी आंब्याच्या दोन हंगामांचे पैसे घरानें त्यास दिले, आणि २०२१ सालच्या दिवाळींत अठरा फुटी फायबरची नौका व ती वाहून नेण्याचा दुचाकी लोखंडी गाडा अंगणांत येऊन उभा राहिला. सारें जग त्यास ट्रेलर म्हणतें, आमच्या घरीं तो पहिल्या दिवसापासून गाडाच झाला. तो कोणीतरी वापरलेलाच होता; पण वर निळा रंग असा चकचकीत, कीं भावजयीनें चाकांस हळदकुंकू लाविलें आणि बंधूंनीं नारळ फोडिला.

ह्या गाड्याचें काम सोपें असतें. तो जीपच्या मागें जोडावयाचा, खाडीच्या उतारावर मागें मागें पाण्यांत न्यावयाचा, नौका तरंगली कीं तिला सोडावयाचें. आणि संध्याकाळीं पुन्हां चाकें बुडवून तिला वर ओढून घ्यावयाचें. म्हणजे चाकें, आंस, पाटे, सारें दिवसांतून दोन वेळां खाऱ्या पाण्यांत. म्हणून पुतण्या रोज रात्रीं पंपाची नळी लावून गाडा धूत असे. कार्तिक-मार्गशीर्षांत ह्याविषयीं कोणी कांहीं बोललें नाहीं. पुढें चैत्र उजाडला, विहिरीचा तळ दिसूं लागला, पोफळींची पाळी चौथ्या दिवसावरून सहाव्या दिवसावर गेली. एके रात्रीं मीं उठून पंप बंद केला.

"अरे, समुद्रांत जाणाऱ्या वस्तूला विहिरीचं पाणी कशाला? पोफळीच्या तोंडीं घोट नाहीं आणि लोखंडाला अभ्यंगस्नान?"

"दादाकाका, मीठ राहतं त्याच्यावर."

"मग फडक्यानं पुसून घे."

घरांत माझ्या शब्दावर शब्द जात नाहीं. त्यानें मुकाट्यानें नळी गुंडाळून ठेविली. भावजय ओटीवर तांदूळ निवडीत होती, ती मान वर न करितां एवढेंच म्हणाली, "लोणच्याच्या बरणींत लोखंडी पळी आपण घालीत नाहीं, भावजी." मीं तें ऐकून न ऐकल्यासारखें केलें. स्वयंपाकघराचा दाखला अंगणांत कशास, असें मला वाटलें.

वास्तविक तिच्या त्या एका वाक्यांत सारें शास्त्र होतें. लोखंड गंजतें म्हणजे तें हवेंतील प्राणवायु व पाणी ह्यांशीं मिळून, ज्या मातीसारख्या रूपांतून माणसानें त्यास भट्टींत काढिलें, त्याच रूपाकडे परत जाऊं लागतें. ह्या कामीं लोखंडाच्या एका भागाकडून दुसऱ्याकडे विजेचा अगदीं सूक्ष्म प्रवाह वाहावा लागतो. गोड्या पाण्यांतून तो कष्टानें वाहतो, खाऱ्यांतून सहज. आणि समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पण खरी मेख पुढेंच आहे. गाडा वर येतो, पाणी ओघळून जातें, उन्हांत तो कोरडा ठणठणीत दिसतो; मीठ मात्र जागच्या जागीं राहतें. आषाढांत मिठाच्या बरणीला पाणी सुटतें हें कोणत्या गृहिणीस ठाऊक नाहीं? हवेचा दमटपणा शेकडा ७५ च्या वर गेला, कीं मीठ हवेंतलें पाणी ओढून घेऊन आपोआप ओलें होतें. आणि समुद्राच्या मिठांत मॅग्नेशियमचे जे क्षार असतात ते तर ह्याहून पुष्कळ कमी दमटपणांतहि ओलसर राहतात. आमच्या किनाऱ्यावर असा दमटपणा बहुतेक रात्रीं असतो. तेव्हां अंगणांत उभा असलेला गाडा रात्रभर खाऱ्या पाण्यांतच उभा असतो, आणि वर त्यास भरपूर हवा मिळत असते. सर्वकाळ पाण्याखालीं बुडून राहिलेलें लोखंड त्यामानानें सावकाश गंजतें. भिजतें, वाळतें, पुन्हां भिजतें त्याचे हाल अधिक. आणि फडकें? तें पाट्यांच्या फटींत जात नाहीं, चौकटीच्या पोकळ नळींत तर मुळींच जात नाहीं.

पुढच्या मार्गशीर्षांत, म्हणजे २०२२ सालीं, एका शनिवारीं सकाळीं गाडा खाडीकडे उतरत असतां त्याचें डावें चाक आंसावरून निखळलें. गाडा एका अंगावर कलंडून फरफटत थांबला, नौकेच्या तळास वीतभर चीर पडली. परंतु चाक थांबलें नाहीं. उताराच्या आधारानें तें एकटेंच धांवत सुटलें आणि शाळेच्या गडग्यावर आदळून पडलें. सकाळची शाळा सुटावयास दहा मिनिटें अवकाश होता. त्या शाळेची घंटा मीं एकतीस वर्षें ऐकलेली आहे. ती झाल्यावर पोरांचा लोंढा त्याच गडग्यापाशीं कसा येऊन थडकतो, हें मला कोणी सांगावयास नको. मी तेथें पोंचलों तेव्हां गडग्याचे चार चिरे सुटून पडले होते, आणि चाक शेजारीं निमूट पडलें होतें.

गाडा ओढून आणिला, मिस्त्री आले, त्यांनीं दुसऱ्या चाकाचा तुंबा उघडिला. आंत वंगण असावयाचें तेथें तांबूस चिखल होता, आणि बेअरिंगच्या गुळगुळीत लाटण्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, ह्या चाकाला तहान लागते." मला प्रथम ती थट्टा वाटली; ती थट्टा नव्हती. सहा किलोमीटर धांवून आलेलें चाक आंतून तापलेलें असतें. तें तसेंच थंड पाण्यांत घातलें म्हणजे तुंब्यांतील हवा एकदम आकुंचन पावते आणि रबरी कडीच्या फटींतून बाहेरचें पाणी आंत ओढून घेते. रोज दोन घोट, असें वर्षभर. नंतर त्यांनीं हातोडी घेऊन चौकटीवर ठोकत ठोकत फेरी मारिली. धड लोखंडाचा आवाज घंटेसारखा येतो, खाल्लेल्याचा फुटक्या मडक्यासारखा. वरचा निळा रंग बहुतेक ठिकाणीं शाबूत होता. आंतून नळी पत्रावळीइतकी पातळ झाली होती. गंज मूळच्या लोखंडापेक्षां कैक पट जागा अडवितो, म्हणून पाट्यांच्या फटींतून तो फुगून आला होता आणि एकावर एक चिकटून बसणारे पाटे त्यानें फांकवून टाकिले होते.

पुतण्यानें मला दोषाचा एक शब्दहि ऐकविला नाहीं. तो बोलला असता तर बरें झालें असतें. दोनच दिवसांनीं तो आगरांत उभा राहून मुंबईच्या कोणा मित्राशीं फोनवर बोलत होता. "जागा असली तर सांग" एवढे शब्द माझ्या कानीं आले. त्या रात्रीं पंगतींत मीं सर्वांदेखत सांगितलें, कीं पाणी मीं बंद केलें, चूक माझी, आणि गाडा दुरुस्त व्हावयाचा तो माझ्या निवृत्तिवेतनांतून होईल. बंधू जेवतां जेवतां थांबले. पुतण्या म्हणाला, "तुंबे उघडून बघायला हवे होते, ते मीहि बघितले नाहींत." ह्यापलीकडे त्या विषयावर आमच्या घरांत भाषण झालें नाहीं, आमच्या घरचा तसा प्रघातच नाहीं.

मग मीं माझ्या संवयीप्रमाणें पुस्तकें काढिलीं. अमरकोशांत लोखंडाच्या मळास मण्डूर व सिंहाण असे दोन शब्द दिलेले आहेत. पैकीं मण्डुराचें भस्म पांडुरोगावर देतात, तें आमच्या आजीच्या बटव्यांतहि असे. आणि दुसरा शब्द नाकांतील मळासहि लावितात, हें वाचून मला त्या बिकट प्रसंगींहि हसूं आलें. गाड्याची नळी पाहिलेल्या मनुष्यास ती उपमा मुळींच अयोग्य वाटणार नाहीं. गांवांतील एका विद्वान् स्नेह्यांनीं मात्र मला दिल्लीचा लोहस्तंभ ऐकविला: आपल्या पूर्वजांचें लोखंड गंजत नव्हतें, हल्लींचेंच वाईट. त्या स्तंभावरील चंद्र नांवाच्या राजाचा संस्कृत लेख मीं वाचलेला आहे, आणि सुमारें सात मीटर लांबीचा, सहा टनांहून जड असा तो लोखंडाचा खांब सोळाशें वर्षें टिकला ह्याचा अभिमान मलाहि आहे. परंतु कानपूरच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक बालसुब्रमण्यम् ह्यांनीं त्याचें कारण शोधून ठेविलें आहे. त्या लोखंडांत स्फुरदाचें प्रमाण अधिक असल्यामुळें त्याच्या अंगावर एक अतिशय पातळ, घट्ट थर धरला गेला, आणि ओलें-कोरडें होत होत तो थर पक्का झाला. त्यांत दिल्लीची कोरडी हवा साह्यास होती. जमिनींत गाडलेल्या भागास गंज चढलेलाच आढळला. तोच खांब गुहागरच्या वाळवंटांत रोविला असता तर काय झालें असतें, हें मीं स्नेह्यांस विचारिलें. त्यांनीं चहा संपविला आणि विषय बदलला.

आपल्या पूर्वजांचा गाड्यास खरा उपयोग झाला तो दुसरीकडून, जस्ताकडून. जस्त म्हणजे संस्कृतांतील यशद. तें भट्टींत खनिजांतून सुटण्याबरोबर वाफ होऊन उडून जाऊं पाहतें. ती वाफ खालच्या बाजूनें उतरवून थंड करण्याची युक्ति रसरत्नसमुच्चय ह्या ग्रंथांत वर्णिलेली आहे, आणि उदेपूरजवळील झावर येथें तशा मुशींचे ढीगच्या ढीग सांपडले आहेत. लोखंड वितळलेल्या जस्तांत बुडवून काढण्याचा हक्क मात्र १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल नांवाच्या गृहस्थानें नोंदविला. न्हाणीघरांतील जस्ती बादली ती हीच. भांड्यास कल्हई करितात तसाच हा प्रकार दिसतो, पण त्यांत एक मोठा भेद आहे. लोखंडाच्या पत्र्यावर कथील चढविलें तर तें नुसतें पांघरूण असतें. त्यास चरा पडला कीं आंतलें लोखंड उलट अधिक जलद गंजतें. जस्तास चरा पडला तर शेजारचें जस्त आधीं झिजतें, आणि तें आहे तोंवर लोखंडास धक्का लागत नाहीं. हें तत्त्व समुद्रावर वापरण्याचा पहिला मोठा प्रयोग इंग्लंडांत हम्फ्री डेव्ही ह्यानें १८२४ सालीं केला. युद्धनौकांच्या तळास तांब्याचे पत्रे असत, ते समुद्रांत झिजत. त्यानें त्यांस जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले. तांबें झिजावयाचें थांबलें, प्रयोग पूर्ण यशस्वी झाला. आणि झिजणाऱ्या तांब्याच्या विषानें जे जलजंतु व शेवाळ तळास चिकटत नसत ते सुखानें चिकटूं लागले. नौका मंद झाल्या, आणि आरमारानें तें प्रकरण गुंडाळून ठेविलें. शास्त्रज्ञाचा हिशेब बरोबर येऊनहि असें होऊं शकतें, हें वाचून माझ्या मनास थोडा दिलासा मिळाला, हें कबूल करितों.

मिस्त्रींनीं सडलेल्या नळ्या कापून त्या जागीं उघड्या चॅनेल जोडल्या, कारण ज्यास पोकळी नाहीं त्यांत पाणी दडून बसत नाहीं. आंस व तुंबे नवे घातले. चौकट जस्तांत बुडविण्याकरितां लांबच्या एका कारखान्यांत न्यावी लागली; तेथें जस्ताचें कुंड सुमारें ४५० अंशांवर तापलेलें असतें. राहिलेल्या एका आडव्या नळीस दोन्हीं टोकांस भोकें पाडल्याशिवाय तेथील मनुष्य चौकटीस हात लावीना. बंद नळींत कोंडलेली हवा व ओल त्या उष्णतेनें फुगली तर नळी फुटून जस्त अंगावर उडतें, असें त्यानें सांगितलें. तीच भोकें आतां आम्हांस आंतून धुण्यास कामीं येतात. जस्ताचा थर तरी किती? केसाच्या जाडीएवढा. खाऱ्या पाण्यांत तोहि झिजावयाचाच. म्हणजे धुण्याचा प्रश्न पुन्हां विहिरीपाशीं येऊन उभा राहिला.

तो सोडविला एका वृद्ध तांडेलांनीं. त्यांचे नातू माझे विद्यार्थी. गाडा पाहावयास आले, तंबाखू मळीत दोन घटका बसले आणि म्हणाले, "गुरुजी, गाडा पाण्याकडे कशाला नेतां? पाणी गाड्याकडे येऊं द्या कीं." पुतण्या गिऱ्हाइकाच्या वेळेप्रमाणें नौका उतरवी, मग ओहोटी असो कीं भरती; त्यामुळें गाडा उताराच्या पार तळापर्यंत न्यावा लागे आणि आंसासकट बुडे. ऐन उधाणाच्या भरतीस पाणी उताराच्या माथ्यापर्यंत येतें. त्या वेळीं चाकांच्या कडा भिजतात न भिजतात तोंच नौका तरंगते. आतां भरतीची वेळ काढणें हें तर पंचांग पाहणाऱ्याचेंच काम. तिथीची पाऊणपट केली कीं अदमासें तास मिळतो: पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा, एकादशीस सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या पुढें; स्थळपरत्वें थोडा फरक पडतो इतकेंच. एवढें गणित मला येत होतें, आणि वर्षभर मीं तें त्या मुलास सांगितलें नव्हतें. कारण त्यानें विचारिलें नव्हतें, आणि मीं नौकेकडे पाहिलें नव्हतें.

आतां नौका पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या सुमारास उतरते आणि तांडेलांच्या होड्यांशेजारीं खाडींत नांगरून राहते. पुढच्या उधाणास ती वर येते, तिचा तळ खरवडून होतो आणि लगेच दुसऱ्या दिवशींच्या भरतीस ती परत जाते. जेथें गाडा महिन्यांतून साठ वेळां बुडे, तेथें आतां चार वेळां चाकें ओलीं होतात. उतारावर पोंचल्यावर अर्धा तास थांबावयाचें, तुंब्यास हात लावून तो निवाला असेल तरच मागें न्यावयाचा, हा दंडक पुतण्यानें घातला आहे, आणि गिऱ्हाईक कितीहि घाई करो, तो मोडत नाहीं. पाट्यांस मीं प्रथम जळकें ऑईल फांसलें होतें, तें खाडींत उतरून पाण्यावर तवंग आला. तांडेल बोलले नाहींत, नुसते पाहत राहिले. त्या दिवसापासून तें बंद करून आम्ही वंगण लावितों.

राहिलें पाणी. भावजयीनें सुचविलें, कीं घराच्या पागोळ्यांचें पाणी नुसतें वाहून जातें तें एका टांकींत धरावें. मीं कागद घेऊन बसलों: एका धुण्यास आठ बादल्या, म्हणजे १२० लिटर, महिन्यास चार वेळां, ४८०, आश्विन ते वैशाख आठ महिने, ३,८४०. पांच हजार लिटरांची टांकी घेतली, ती वैशाखांतहि कोरडी पडत नाहीं. पूर्वीं रोजच्या धुण्यानें महिन्यास ३,६०० लिटर विहिरींतून जात होते. तेव्हां पोफळींची माझी काळजी अगदींच खोटी नव्हती. फक्त त्या रात्रीं पंप बंद करण्याऐवजीं मीं कागद घ्यावयास हवा होता. धुतांना नळीच्या एका भोकांतून पाणी सोडतों आणि दुसऱ्या टोकाशीं पडणारा थेंब जिभेस लावून पाहतों. खारट लागेनासा झाला म्हणजे बस. ह्या परीक्षेस घरांतून पुष्कळ विरोध झाला, पण दुसरें सोपें साधन मला ठाऊक नाहीं.

शाळेच्या जुन्या हजेरीपटासारखी एक वही मीं गाड्याकरितां घातली आहे. तिच्यांत तिथि, भरतीची वेळ, गोड्या पाण्याच्या बादल्या, वंगण आणि शेरा असे रकाने आहेत. गेल्या महिन्यांत मी तापानें आठ दिवस अंथरुणावर होतों. उठल्यावर प्रथम वही पाहिली. अमावास्येच्या रकान्यांत पुतण्याचें अक्षर होतें: "दादाकाका आजारी. बादल्या आठ. उजव्या तुंब्यांत नवें वंगण." आणि त्याखालीं शेऱ्याच्या रकान्यांत, पेन्सिलीनें, भावजयीच्या वळणदार अक्षरांत: "खारट नाहीं. चाखून पाहिलें."